नोटीस, अपील, स्थगिती: करवादाविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी फक्त करवादाविषयीची पत्रं घेतली आहेत. एक खुलासा आधीच केलेला बरा. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला असला, तरी त्याआधीच्या वर्षांची प्रकरणं १९६१ च्या कायद्यानेच चालतात. खालची आयकराची सगळी कलमं त्याच जुन्या कायद्यातली आहेत.

प्रश्न: आमची तासगाव तालुक्यात साडेचार एकर द्राक्षबाग आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माल उचलायला कोणी आलं नाही, म्हणून बराचसा बेदाणा केला आणि काही माल रोखीने दारातच विकला. त्या वर्षी बँकेत मिळून १८ लाख ४० हजार रुपये रोख भरले गेले. रिटर्न कधी भरलं नव्हतं, कारण शेतीशिवाय दुसरं उत्पन्न नाही. आता ९ मार्चला आदेश आला आणि सगळी रक्कम बेहिशेबी धरून १४ लाखांवर कर आणि वर व्याज लावलंय. आधीच्या नोटिसा सल्लागाराच्या ई-मेलवर गेल्या, आम्हाला काही कळलंच नाही. आता काय करता येईल?

उत्तर: करता येण्यासारखं पुष्कळ आहे, पण तारखा हातातून जाऊ देऊ नका. मागणी नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील दाखल व्हायला हवं. नोटीस मिळाल्याचा दिवस मोजायचा नाही. म्हणजे ९ मार्चचा आदेश असेल, तर शेवटचा दिवस ८ एप्रिल. तो उलटला असला तरी दार बंद होत नाही. अपिलासोबतच विलंब माफीचा अर्ज द्यायचा. त्यात ‘सल्लागाराने कळवलं नाही’ एवढं एक वाक्य पुरत नाही. पोर्टलवर कोणाचा ई-मेल आणि मोबाइल नोंदवलेला होता त्याचा स्क्रीनशॉट, आदेशाची माहिती तुम्हाला कधी आणि कशी झाली याचं प्रतिज्ञापत्र आणि मिळालं तर त्या सल्लागाराचंही प्रतिज्ञापत्र जोडा. सल्लागार ते देत नसेल, तर त्याला पाठवलेल्या लेखी विनंतीची प्रत लावा.

आता आकडा कुठून आला ते समजून घ्या. कलम ६९ए खाली रोख रक्कम बेहिशेबी धरली की कलम ११५बीबीई लागतं. ६० टक्के कर, त्यावर २५ टक्के अधिभार, वर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ७८ टक्के. १८,४०,००० वर हा कर १४,३५,२०० रुपये होतो. त्यात स्लॅबची सूट नाही, वजावट नाही. म्हणून ‘थोडं उत्पन्न मान्य करून मिटवून टाकू’ हा गावात नेहमी मिळणारा सल्ला इथे फार महागात पडतो.

अपील फॉर्म ३५ मध्ये, ऑनलाइन. निर्धारित, म्हणजे अधिकाऱ्याने ठरवलेलं, उत्पन्न दोन लाखांच्या वर असल्याने फी १,००० रुपये. ती चलनात अपील फी म्हणूनच भरा. कराच्या शीर्षाखाली भरली की अपिलात त्रुटी निघते आणि दुरुस्तीत महिने जातात. वस्तुस्थितीचं कथन हजार शब्दांत आणि अपिलाचा प्रत्येक मुद्दा शंभर शब्दांत बसवायचा असतो. तिथे वकिली भाषण लिहू नका, युक्तिवादासाठी पुढे वेगळी संधी असते. मुद्दे मात्र सगळे घ्या: नोटीस मुदतीत होती का, वरिष्ठांची मंजुरी होती का, म्हणणं मांडायची खरी संधी मिळाली का, रकमेचा स्रोत शेती आहे, आणि व्याजाची आकारणी.

मुदतीचा मुद्दा आदेश हातात येताच तपासा. तुमचं आर्थिक वर्ष २०२०-२१, म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२१-२२. रक्कम ५० लाखांच्या आत असल्याने १४८ए ची कारणे दाखवा नोटीस ३१ मार्च २०२५ पर्यंत आणि प्रकरण पुन्हा उघडणारी १४८ ची नोटीस ३० जून २०२५ पर्यंत निघायला हवी होती. यातली एक जरी तारीख चुकली असेल, तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच.

फॉर्ममधल्या एका रकान्यावर अशा शेतकऱ्यांची अपिलं सरसकट अडकतात. रिटर्न भरलेलं नसेल, तर कलम २४९(४) प्रमाणे त्या वर्षी देय असलेल्या आगाऊ कराइतकी रक्कम भरल्याशिवाय अपील दाखल करूनच घेत नाहीत. शेती उत्पन्न करमुक्त असल्याने आगाऊ कर देय नव्हता, हे त्या रकान्यात स्पष्ट लिहा आणि पर्यायाने या अटीतून सूट मिळावी असा अर्जही जोडा. रकाना रिकामा सोडलात, तर स्रोताचा एक कागदही न उघडता अपील फेटाळलं जाऊ शकतं.

खरी लढाई पुराव्याची आहे. सातबारा त्या वर्षाच्या पीक नोंदीसह हवा. उतारा आहे पण पीकपाहणीत ‘द्राक्ष’ नाही, हा घोळ बऱ्याच जणांचा असतो. त्यासोबत ८अ, बेदाणा शेडचं भाडं किंवा पावती, कोल्ड स्टोअरेजच्या पावत्या, सौद्याची पट्टी, विकास सोसायटीचं पीककर्ज, औषधं-खतांची बिलं, हमाली आणि गाडीभाड्याच्या चिठ्ठ्या. हे नुसतं एकत्र बांधून देऊ नका. तारीखवार तक्ता करा: कोणत्या दिवशी किती पेट्या किंवा किती किलो, काय भाव, किती रोख आली, त्यातली किती कोणत्या दिवशी बँकेत गेली. मार्चमध्ये विकलेल्या मालाची रोख नोव्हेंबरमध्ये का भरली, हा प्रश्न अधिकारी विचारणारच. आधी बँकेतून काढलेली रक्कम पुन्हा भरली असेल, तर तेही तक्त्यात दाखवा.

हे कागद खालच्या अधिकाऱ्यापुढे गेले नव्हते, म्हणून ते नियम ४६ए खाली वेगळा अर्ज करून द्यायचे. पुरेशी संधी न देता आदेश झाला किंवा पुरेशा कारणामुळे कागद देता आले नाहीत, ही कारणं त्या नियमात बसतात. अर्ज न करता कागद नुसते अपलोड केले, तर ते विचारात न घेण्याचं आयतं कारण मिळतं. आदेश कलम १४४ खालचा, म्हणजे एकतर्फी असेल, तर १ ऑक्टोबर २०२४ पासून आयुक्तांना तो रद्द करून नव्याने चौकशीसाठी परत पाठवण्याचा अधिकार आहे. अपिलाच्या प्रार्थनेत, म्हणजे शेवटच्या मागणीत, दोन्ही मागा: मुख्य मागणी रक्कम वगळण्याची, पर्यायी मागणी परत पाठवण्याची.

बेदाण्याबद्दल सावध राहा. शेतमाल बाजारात नेण्याजोगा करण्यासाठी शेतकरी नेहमी करतो ती प्रक्रिया शेती उत्पन्नातच धरली जाते. पण द्राक्ष ताजंही विकलं जातं, त्यामुळे वाळवणं ही ‘आवश्यक’ प्रक्रिया होती का, असा वाद उभा राहू शकतो. तुमच्या भागात ही रीत किती जुनी आणि सार्वत्रिक आहे, आणि त्या वर्षी ताज्या मालाला बाजारच का नव्हता, हे लेखी मांडून ठेवा.

आणि आज, हे वाचून संपल्यावर लगेच, पोर्टलवरच्या तुमच्या प्रोफाइलमध्ये स्वतःचा किंवा मुलाचा ई-मेल आणि मोबाइल टाका. फॉर्म ३५ मध्येही तोच द्या. दंडाची नोटीस वेगळी येईल (कलम २७१एएसी, कराच्या १० टक्के). अपील प्रलंबित आहे असं त्यालाही वेगळं उत्तर द्यावं लागतं. अपील केलं म्हणजे दंडाची कारवाई आपोआप थांबते असं नाही.

प्रश्न: चाकणजवळ आमचा छोटा सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे. ४२ लाखांची डिमांड निघाली, अपील दाखल केलं. तरी आयकर खात्याने बँकेला पत्र देऊन खातं अडकवलं. ‘२० टक्के भरा, मग बघू’ म्हणतात. अपील चालू असताना वसुली कशी होऊ शकते?

उत्तर: आयकरात अपील दाखल झालं म्हणून वसुली थांबत नाही. सर्वाधिक गैरसमज याच एका गोष्टीबद्दल आहे. स्थगिती वेगळी मागावी लागते आणि पहिला अर्ज कर निर्धारण अधिकाऱ्याकडेच, कलम २२०(६) खाली. तो अपिलाच्या दिवशीच द्यायला हवा होता. अनेक सल्लागार अपिलाची पोचपावती दाखवून निर्धास्त होतात आणि स्थगितीचा अर्ज खातं गोठल्यावर लिहिला जातो.

२० टक्क्यांचा आकडा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या ३१ जुलै २०१७ च्या ज्ञापनातला. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो १५ टक्के होता. तो कायद्यातला आकडा नाही. प्रकरण पाहून अधिकारी त्याहून कमी रकमेवर स्थगिती देऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाचा केईसी इंटरनॅशनल प्रकरणातला २००१ चा निर्णय तर प्रत्येक स्थगिती अर्जात उद्धृत व्हायला हवा. अधिकाऱ्याने करदात्याचं म्हणणं थोडक्यात नोंदवावं, दाखवलेल्या उत्पन्नापेक्षा निर्धारण फारच फुगलेलं आहे का ते पाहावं, आर्थिक अडचण विचारात घ्यावी, आणि अर्ज फेटाळला तर वर दाद मागायला वेळ द्यावा, ही चौकट त्याच निर्णयाने घालून दिली. २०१२ च्या यूटीआय म्युच्युअल फंड प्रकरणात त्याच न्यायालयाने वसुलीच्या घाईला आणखी लगाम घातला.

तुमचा अर्ज दोन पायांवर उभा करा. पहिला, प्रकरणात दम आहे. त्यासाठी अपिलातले सगळे बारा मुद्दे नकोत, सर्वांत भक्कम दोनच घ्या, आणि तुमच्याच मागच्या वर्षी तोच मुद्दा तुमच्या बाजूने सुटला असेल तर तो आदेश जोडा. दुसरा, पैशाची अडचण. ‘आर्थिक मंदी आहे’ असं लिहून कोणी ऐकत नाही. सहा महिन्यांचे बँक उतारे, पगाराचा मासिक बोजा, कच्च्या मालाची थकबाकी, बँकेचं मर्यादा मंजुरीपत्र आणि पुढच्या सहा महिन्यांच्या रोख आवक-जावकीचा तक्ता द्या. हप्ते मागत असाल तर तारीख आणि रक्कम लिहून मागा. मोघमपणे ‘सोयीचे हप्ते’ मागितले की अधिकारी त्याच्या सोयीचे देतो.

अधिकाऱ्याने नाकारलं, तर प्रधान आयुक्तांकडे फेरविचार. तिथेही नाही झालं, तर उच्च न्यायालयात रिट. ट्रिब्युनलकडे, म्हणजे आयुक्तांच्या वरच्या आयकर अपील न्यायाधिकरणाकडे, स्थगिती तेव्हाच मागता येते, जेव्हा अपील ट्रिब्युनलपुढे असतं. आयुक्तांपुढे अपील असताना ट्रिब्युनलमध्ये स्टे मागू, असं सांगणारा सल्लागार भेटला तर दुसरा शोधा.

बँकेला गेलेलं पत्र कलम २२६(३) खालचं असणार. त्याची प्रत तुम्हालाही मिळायला हवी, ती मागा. खातं कॅश क्रेडिटचं, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत बँकेकडून उचल घेण्याचं असेल, तर न वापरलेली मर्यादा म्हणजे बँकेने तुम्हाला देणं असलेली रक्कम नव्हे, असं न्यायालयांनी वेळोवेळी म्हटलं आहे. बँकेच्या शाखेला हे लेखी कळवा. शाखा व्यवस्थापक घाबरून सगळंच बंद करतात.

हिशेबाची एक बाजूही पाहा. ४२ लाखांचे २० टक्के म्हणजे ८ लाख ४० हजार. ते भरले तरी उरलेल्या ३३ लाख ६० हजारांवर दरमहा १ टक्का, म्हणजे ३३,६०० रुपये व्याज चालूच राहतं. स्थगितीने वसुली थांबते, व्याज नाही. उलट तुम्ही जिंकलात, तर भरलेल्या रकमेवर मिळणारं व्याज महिन्याला अर्धा टक्का, म्हणजे ४,२००. जो मुद्दा हरणार हे मनातून माहीत आहे, त्याचा कर आधीच भरून टाकणं शहाणपणाचं.

प्रश्न: वडील जाऊन तीन वर्षं झाली. आता त्यांच्या नावाने पुनर्निर्धारणाची नोटीस आली आहे. दुर्लक्ष केलं तर चालेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: दुर्लक्ष करू नका, पण घाईने त्यांच्या नावाने रिटर्नही भरू नका. मृत व्यक्तीच्या नावाने काढलेली १४८ ची नोटीस टिकत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयासह अनेक न्यायालयांनी म्हटलं आहे. मृत्यूचा दाखला जोडून, निधनाची तारीख देऊन, ही नोटीस अवैध असल्याचा आक्षेप पहिल्याच उत्तरात लेखी नोंदवा. आक्षेप न घेता सगळ्या सुनावण्यांत भाग घेतला, की ‘तुम्ही स्वीकारलीच होती’ असा युक्तिवाद होतो. पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करून ठेवा, म्हणजे पुढचे कागद दिसतील. प्रकरण वडील हयात असतानाच सुरू झालं असेल, तर मात्र ते वारसांवर चालू राहतं. वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच.

प्रश्न: करप्रकरणासाठी सीए घ्यावा की वकील? आमच्याकडे एकाने ‘जेवढा कर वाचवीन त्याच्या १५ टक्के द्या, हरलो तर काही नको’ असं सांगितलंय. ऐकायला बरं वाटतं. (एक वाचक भगिनी, नाशिक)

उत्तर: ऐकायलाच बरं वाटतं. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळकतीत वाटा घेणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. सनदी लेखापालांवरही याबाबत त्यांच्या संस्थेची बंधनं आहेत. जो माणूस स्वतःच्या व्यवसायाचा नियम पहिल्याच भेटीत मोडायला तयार आहे, तो तुमच्या प्रकरणात काय करील याचा विचार करा.

अधिकारी, आयुक्त (अपील) आणि आयकर अपील न्यायाधिकरण, ज्याला सगळे ट्रिब्युनल म्हणतात, या तिन्ही ठिकाणी सीए आणि वकील दोघेही तुमच्या वतीने उभे राहू शकतात. कलम २८८ मध्ये नातेवाईक आणि नियमित कर्मचारी यांनाही परवानगी आहे. उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात मात्र फक्त वकील.

त्यापलीकडे हा प्रश्न पदवीचा नाही, वाद कशाचा आहे याचा आहे. साठ्याचं मूल्यांकन, नफ्याचं प्रमाण, खर्चाच्या पावत्या, बँकेतली रोख अशा हिशेबाच्या वादात, ज्याने वह्या पाहिल्या आहेत तो सीए आघाडीवर हवा. नोटीस मुदतीत आहे का, कलमाचा अर्थ काय, साक्षीदाराची उलटतपासणी मिळाली का, असे वाद वकिलाचे. त्यात आदेश येण्याची वाट पाहू नका. नोटिशीचं पहिलं उत्तर लिहितानाच वकिलाला अर्धा तास दाखवा. नंतर उच्च न्यायालयात ज्या कागदावर वाद होतो, तो कागद म्हणजे हेच उत्तर असतं.

फी टप्प्यानुसार लेखी ठरवा: मसुदा, दाखल करणं, प्रत्येक हजेरी, टायपिंग-झेरॉक्सचा खर्च. ‘सुनावणी’ म्हणजे प्रत्यक्ष युक्तिवाद झालेली तारीख, की पुढे ढकललेलीही, हे आधीच विचारा. वाद बहुधा इथेच होतात. ज्येष्ठ अधिवक्ता हवे असतील, तर ते थेट पक्षकाराचं काम घेत नाहीत, वकालतनामाही घालत नाहीत. तुमचा वकील त्यांना उभं करतो आणि त्यांची फी वेगळी. जीएसटीचंही लक्षात घ्या. सामान्य व्यक्तीला दिलेल्या वकिली सेवेवर कर नाही. उलाढालीची मर्यादा ओलांडलेल्या व्यवसायाला दिलेल्या सेवेवरचा कर तो व्यवसायच उलट आकारणीने सरकारकडे भरतो. वकिलाच्या बिलात १८ टक्के लावलेले दिसले, तर कारण विचारा.

वकील बदलायचा असेल, तर आधीच्या वकिलाचं ना हरकत पत्र घेण्याची रीत आहे. फी थकली म्हणून तो तुमची फाइल मात्र अडवून ठेवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात हे स्पष्ट केलं. फीची वसुली त्याने वेगळ्या मार्गाने करावी.

प्रश्न: आम्ही इचलकरंजीत सुताचा व्यापार करतो. जीएसटीचा आदेश पोर्टलवर टाकून पाच महिने होऊन गेले, तो आम्ही बघितलाच नाही. नोटीस कुठे तरी ‘ॲडिशनल नोटिसेस’ मध्ये होती म्हणे. आता अपील होईल का?

उत्तर: जीएसटीत मुदत आयकरापेक्षा फार कडक आहे. कलम १०७ प्रमाणे आदेश कळवल्यापासून तीन महिने, आणि पुरेसं कारण असेल तर फक्त एक महिना जास्त. त्यापुढे एका दिवसाचाही विलंब माफ करण्याचा अधिकार अपील अधिकाऱ्याला नाही. त्याच्याकडे कितीही रडलं तरी उपयोग नाही.

म्हणून पहिला प्रश्न ‘कळवला’ केव्हा हा. पोर्टलवर उपलब्ध करून देणं ही कलम १६९ मधली मान्य रीत आहे, त्यामुळे ‘पाहिलं नाही’ हे एकटं कारण दुबळं. त्याला जोड लागते. कलम ७५(४) प्रमाणे विरुद्ध निर्णय द्यायचा असेल, तर मागणी नसली तरी प्रत्यक्ष सुनावणी द्यावीच लागते. नोटिशीत सुनावणीची तारीख होती का, की त्या रकान्यात नुसत्या रेघा होत्या? उत्तराची शेवटची तारीख आणि सुनावणीची तारीख एकच होती का? आदेशात कारणं आहेत का, की नोटिशीतलाच मजकूर उतरवला आहे? डीआरसी-०१ या नमुन्यातल्या कारणे दाखवा नोटिशीत जेवढी रक्कम मागितली, त्यापेक्षा आदेशात जास्त आहे का? यातलं काही सापडलं, तर उच्च न्यायालयात रिट करून आदेश रद्द करून फेरसुनावणी मागता येते. न्यायालयं अशा वेळी बऱ्याचदा वादग्रस्त कराचा काही भाग भरायची अट घालतात, त्याची तयारी ठेवा. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. तुमचं रिट तिथे दाखल होईल की मुंबईला, हे वकिलाकडून आधी पक्कं करून घ्या.

मुदतीत असलेल्या इतर वाचकांसाठी: जीएसटीच्या पहिल्या अपिलाला वादातल्या कराच्या १० टक्के आगाऊ भरले, की उरलेल्या रकमेची वसुली कायद्यानेच थांबते. आयकरासारखा वेगळा स्थगिती अर्ज लागत नाही. हे १० टक्के इनपुट क्रेडिटच्या (खरेदीवर भरलेल्या कराच्या जमेच्या) खात्यातूनही भरता येतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ओएसिस रिअल्टी प्रकरणात ते मान्य केलं. मान्य असलेला कर मात्र पूर्ण भरावा लागतो, म्हणून अपिलात ‘अमुक रक्कम मान्य’ असं सहज लिहून टाकू नका.

‘नोटिसेस अँड ऑर्डर्स’ आणि ‘ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स’ हे पोर्टलवरचे दोन वेगळे कप्पे आहेत. दर सोमवारी दोन्ही उघडून पाहायचं काम दुकानातल्या एकाच माणसाच्या नावावर लावून द्या.

प्रश्न: ठाण्यातला जुना फ्लॅट ६२ लाखांना विकला. रेडी रेकनरप्रमाणे किंमत ८१ लाख निघत होती, म्हणून अधिकाऱ्याने ८१ लाख धरून भांडवली नफा वाढवला. आयुक्तांकडे हरलो. आता ट्रिब्युनलमध्ये जायचं आहे. तिथे नवीन कागद देता येतात का? आणि तिथेही हरलो, तर हायकोर्टात सगळं पुन्हा मांडता येईल ना?

उत्तर: नाही. हायकोर्टात पुन्हा काही मांडता येत नाही, आणि त्यामुळेच ट्रिब्युनलची तयारी जीव तोडून करायची. वस्तुस्थितीबाबत ट्रिब्युनलचा शब्द शेवटचा असतो. कलम २६०ए खाली उच्च न्यायालय १२० दिवसांच्या मुदतीत फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न ऐकतं. फ्लॅट खरोखर किती जुनाट होता, हा तिथला प्रश्नच नव्हे.

ट्रिब्युनल जानेवारी १९४१ पासून चालू आहे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूरला त्याची पीठं आहेत, गोव्यात पणजीला. तुमचं अपील मुंबईला जाईल. मुदत: आयुक्तांचा आदेश ज्या महिन्यात मिळाला, तो महिना संपल्यापासून दोन महिने. पूर्वी ६० दिवस होते, ऑक्टोबर २०२४ पासून ही मोजणी बदलली. फॉर्म ३६. फी निर्धारित उत्पन्नाच्या १ टक्का, कमाल १०,००० रुपये. निर्धारित उत्पन्न ८ लाख असेल तर ८,००० भरायचे. लक्षात घ्या, टक्का निर्धारित उत्पन्नावर असतो, वादातल्या करावर नाही. निर्धारित उत्पन्न ५० लाखांपर्यंत असेल, तर एकसदस्य पीठही प्रकरण ऐकू शकतं.

आता तुमचा मुद्दा. कलम ५०सी मध्ये १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. ६२ लाखांवर ती मर्यादा ६८ लाख २० हजारांवर संपते, म्हणून तिचा उपयोग नाही. पण दोन दारं उरतात. एक, विक्रीचा करार आधी झाला आणि नोंदणी नंतरच्या वर्षी झाली असेल, आणि कराराच्या दिवशी किंवा त्याआधी काही रक्कम चेकने वा बँकेमार्फत आली असेल, तर कराराच्या दिवशीचा रेकनर धरता येतो. बँक उताऱ्यात ती एक नोंद शोधा. दुसरं दार, कलम ५०सी(२). रेकनरची किंमत बाजारभावापेक्षा जास्त आहे असं तुम्ही म्हटलं असेल, तर प्रकरण खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवायला हवं होतं. करदात्याने मागणी केली नसली तरी अधिकाऱ्याने ते पाठवायला हवं, असा कलकत्ता उच्च न्यायालयाचा सुनीलकुमार अगरवाल प्रकरणात २०१४ चा निर्णय आहे. तो जोडा. यात तोट्याची भीती नाही. मूल्यांकन रेकनरपेक्षा वर गेलं तरी रेकनरचीच किंमत धरली जाते.

नवीन कागदांसाठी ट्रिब्युनलच्या नियम २९ खाली अर्ज करावा लागतो. नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा अहवाल, सोसायटीचं गळती आणि दुरुस्तीचं पत्र, इमारतीच्या वयाचा दाखला आणि त्याच इमारतीतल्या दुसऱ्या फ्लॅटचे त्या काळातले नोंदणीकृत व्यवहार. यातला शेवटचा पुरावा सर्वांत जड, आणि तोच सहसा कोणी जोडत नाही. हे आधी का दिलं नाही, त्याचं कारण अर्जात हवं. निव्वळ कायद्याचा नवा मुद्दा मात्र, त्याला लागणारे कागद आधीपासून नोंदीत असतील तर, इथे पहिल्यांदाही घेता येतो.

पेपर बुक म्हणजे झेरॉक्सचा गठ्ठा नव्हे. अनुक्रमणिका, सलग पृष्ठांक, आणि कोणता कागद कोणत्या अधिकाऱ्यापुढे होता याचं प्रमाणपत्र लागतं. नवे कागद वेगळ्या पुस्तकात ठेवा. मराठीतला विक्री करार किंवा सोसायटीचं पत्र असेल, तर इंग्रजी भाषांतर सोबत हवं. नियमाप्रमाणे पेपर बुक सुनावणीच्या किमान एक दिवस आधी द्यायचं असलं, तरी आठवडाभर आधी दिलेलं वाचलं जाण्याची शक्यता जास्त. वकिलाला ‘पान ४७ पाहा’ म्हणता आलं पाहिजे. तो पानं चाळत राहिला, की पंधरा मिनिटांच्या सुनावणीतली पाच तिथेच जातात.

आदेशात एखादा मुद्दा विचारात घ्यायचा राहून गेला, तर कलम २५४(२) खाली दुरुस्ती अर्ज करता येतो. आदेशाचा महिना संपल्यापासून सहा महिन्यांत. पण त्या अर्जामुळे उच्च न्यायालयाचे १२० दिवस थांबत नाहीत. दोन्ही घड्याळं स्वतंत्र चालतात. आणि तुम्ही जिंकलात, तर आयकर खातं पुढे उच्च न्यायालयात जाईल का? सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे वादातला कर दोन कोटींच्या आत असेल, तर काही अपवाद सोडून खातं उच्च न्यायालयात जात नाही. तुमच्या प्रकरणात १९ लाखांच्या फरकावरचा कर आहे.

प्रश्न: व्हॉट्सॲपवर आयकराची नोटीस आली, ‘आज संध्याकाळपर्यंत भरा’ म्हणून लिंक दिलीय. खरी कशी ओळखायची? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: लिंक उघडू नका. ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रव्यवहारावर दस्तऐवज ओळख क्रमांक, म्हणजे डीआयएन असतो. आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करताही ‘ऑथेंटिकेट नोटीस’ या सोयीत तो क्रमांक टाकून पाहता येतो. नंतर स्वतः लॉगिन करून ‘ई-प्रोसीडिंग्ज’ मध्ये तीच नोटीस दिसते का ते बघा. खऱ्या मागणी नोटिशीला साधारणपणे ३० दिवसांची मुदत असते, संध्याकाळपर्यंतची नव्हे.